बापफुलाची कहाणी

ऐका वेलाई, तुमची कहाणी. हातातलं काम खाली ठेवा, बायांनो, मग ऐका.

आटपाट नगराच्या वेशीला एक माळीण राहत होती. तिचं नाव मथाई. तिला दोन सुना. थोरली येसू, तिला बारा वर्षं मूल नव्हतं. धाकटी तानी, तिला सातवा महिना लागला होता. घर गरीब, दारी लाल भोपळ्याचा एक वेल. त्याच्यावर घराचं पोट.

श्रावण आला, वेल फुलला. काही फुलांच्या बुडाशी बोराएवढं फळ, काही नुसतीच लांब देठाची. मथाई म्हणाली, ही नुसती फुलं वांझ, खुडा नि भाजी करा. येसूला म्हणाली, तूच खुड, तुझ्याच गोताची आहेत. येसूनं टोपली घेतली. रोज सकाळी खुडली, रोज तव्यावर परतली. सगळ्यांनी मिटक्या मारून खाल्ली.

मग काय झालं? बुडाशी फळ असलेली फुलं पिवळी पडून गळाली. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी सात. आणि गळलेली फळं भर दुपारी रडू लागली. बारीक, तान्ह्या लेकरासारखी. मथाईनं ती उकिरड्यात पुरली. तरी रडणं थांबेना.

वेल मात्र वाढतच होता. पहिल्या दिवशी उंबऱ्याशी आला. दुसऱ्या दिवशी चुलीशी आला. तिसऱ्या दिवशी तानीच्या बाजेशी आला, नि त्याचा दोरीसारखा तणावा तिच्या मनगटाला वेढला. तानी म्हणाली, आत्याबाई, पोटातलं हलत नाही. मथाईनं पोटाला हात लावला. पोट माठासारखं गार.

मथाई येसूवर उलटली. वांझेचा हात लागला म्हणून फळ गळलं, म्हणाली, आता नातवंडही जाईल, तू नीघ. येसू पहाटेच्या अंधारात नेसत्या लुगड्यानिशी निघाली.

उजाडायच्या वेळी वेशीपाशी एक म्हातारी बसलेली. पुढून बाई, पाठीमागून नुसती पानं. हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं विचारलं तशी येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी हसली, पाठीवरची पानं वाजली.

"माझ्या लेकांनाही तुमच्या घरात वांझच म्हणतात. ते बाप आहेत गं. रोज तेलात परतता, मग फळ कुठून धरेल?"

येसूनं आपली बोटं पाहिली. खुडणारी तीच होती. मग म्हातारीनं तिला वसा दिला. ऊन पडायच्या आत मुकाट्यानं वेलापाशी जावं. लांब देठाचं एक फूल घ्यावं, त्याच्या पाकळ्या काढाव्या, आतली पिवळी भुकटी फळाच्या तीन फुलांना लावावी. बाकीची वेलावर राहू द्यावी, मधमाश्या आपलं काम करतात. वेल माजला तर शेंडा खुडावा, म्हणजे बगलेत फुटवे येतात, फळाची फुलं वाढतात. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये. आणि वांझ हा शब्द ना फुलाला लावावा, ना बाईला.

येसू तशीच मागं फिरली. फुलं नुकतीच उमलत होती. तिनं तीन फुलांना भुकटी लावली, मग शेंडा खुडला. तेवढ्यात मथाई टोपली घेऊन आली, फुलांना हात घालू लागली.

"आत्याबाई, खुडू नका. ह्यांच्यावाचून फळ धरत नाही."

"वांझेनं मला वेल शिकवावा?"

शब्द निघाला नि तणावा मथाईच्या मनगटाला बसला. तिनं वेलाला वांझोटा म्हणून हिसका दिला. दुसरा वेढा बसला. तिनं वांझे, सोडव गं, म्हणून हाक मारली. तिसरा वेढा बसला, बोटं काळीनिळी झाली. आत तानी कण्हली.

येसू म्हणाली, "त्याचं खरं नाव घ्या, सोडेल. बापफूल म्हणा."

मथाईची जीभ वळेना. बारा वर्षांची सवय. तानी पुन्हा कण्हली, तेव्हा वळली.

"बापफुला, सोड. येसूबाई, मी चुकले."

दोघींच्या मनगटांचे वेढे सुटले. घरातून तानीनं सांगितलं, हललं. उकिरड्यातलं रडणं थांबलं.

त्या वर्षी वेलानं एकवीस भोपळे धरले. तानीला मुलगी झाली. येसूला पुढं मूल झालं की नाही, ते कहाणीत नाही, तुम्हीही विचारू नका. एका शेजारणीनं येसूकडे बोट करून विचारलं होतं. मथाईनं नुसतं मनगट पुढं केलं. तिथं तणाव्याचे तीन हिरवे वळ होते, नि ते अजून हळूहळू वळत होते. शेजारणीनं बोट मुठीत घेतलं.

जशी वेलाई त्या घराला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. धरलेलं टिको, न धरलेल्याचा मान राहो. ही साठां पानांची कहाणी पांचा फुलांत सुफळ, संपूर्ण.