हाकेचा डोह

चपला इथंच काढा, आणि त्या काळ्या कातळाच्या कडेला कोणी उभं राहू नका. पाणी शांत दिसतं, पण तुमच्यापैकी कोणी पुढं सरकलं की माझा जीव टांगणीला लागतो. या जागेला हाकेचा डोह म्हणतात. कातळावरच्या या रेघा पाहिल्यात? गेल्या वर्षी एका साहेबांनी ही फार जुनी लिपी असल्याचं मला तासभर समजावलं. मीही मान हलवली, बिचाऱ्यांचा हिरमोड कशाला करा? रेघा आम्हा भोयांच्या आहेत. ज्या घरानं डोहातून थोरला काढला, त्या घरानं तो इथं आडवा ठेवायचा आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत रेघ कोरायची. थोरला म्हणजे सोनेरी खवल्यांचा महाशीर मासा. ही लांब रेघ माझ्या खापरपणज्याची. दोघांनी बांबूला टांगून मासा घरी आणला तेव्हा त्याची शेपटी वाटभर जमिनीला घासत होती, असं आमच्या घरात सांगतात. धरण झाल्यापासून तसा मासा क्वचितच येतो.

तो धरायची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. वरच्या उंबराची फळं पाण्यात पडू लागली की थोरला खायला वर येतो. गळाला उंबरच लावायचं. अंबाडीचा दोर झाडाला बांधला तर मासा एका हिसक्यात तोडतो. माणसाचं अंग मात्र ओढीबरोबर झुकतं, ढील देतं. म्हणून दोर कंबरेला बांधून माणूस या कातळामागं उथळ पाण्यात उभा राहायचा. दोर कातळाच्या या टोकावरून डोहात सोडलेला असायचा, आणि टोकावर दुसरा माणूस कोयता घेऊन बसायचा. ओढ आवरेनाशी झाली की त्यानं दोर तोडायचा. उभा असलेला माणूस टोकापलीकडं गेला, तर मग कोयत्याचा काही उपयोग नाही.

सटवाजी नावाचा एक भोई होता म्हणे. त्याच्या घराची रेघ नव्हती. लग्नाच्या पंगतीत रेघवाले आधी बसायचे, सटवाजी आणि त्याची पोरं उष्टी उचलल्यावर. आदल्या वर्षी त्याला मासा लागला होता, पण कोयत्यावर बसलेला मेव्हणा घाबरला आणि त्यानं लगेच दोर तोडला. गाव वर्षभर हसलं. या खेपेला सटवाजीनं कोयता बायकोच्या हातात दिला. तिचं नाव ठकू. तिला त्यानं स्वतःच्या गळ्याची आण घातली, "म्या सांगितल्याबिगर कापायचं न्हाय."

त्या आणेनं ठकूच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस तिला घास गेला नाही असं सांगतात. कोयता मात्र ती रोज धार लावून ठेवत होती.

सकाळी उन्हं आल्यावर दोघं इथं आले. फार वेळ गेला नाही. दोर ताणला आणि सटवाजी हसला. एवढी ओढ त्यानं कधी पाहिली नव्हती. एक पाऊल, मग दुसरं, तो कातळाकडं सरकू लागला. पाणी मांड्यांवरून कंबरेला आलं. ठकूनं कोयता उचलला.

"कापू का वो?"

"कापू नगंस!"

पाणी छातीला आलं. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. ती कोयता दोरावर टेकवून बसली होती, डोळे त्याच्या तोंडावर. आता तो म्हणेल, आता म्हणेल. तिसरी हाक आली तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. तीही 'नगंस'चीच होती. दुसऱ्या क्षणी तो टोकापलीकडं ओढला गेला. ठकूनं घाव घातला, तो दगडावर बसला.

तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर दोघं सापडले, मासा आणि माणूस, एकाच दोराला. एवढा थोरला कोणी पाहिला नव्हता. पंच छिन्नी घेऊन आले. निदान पोरांना तरी मान मिळेल, असं त्यांना वाटलं. तर ठकू कातळावर आडवी पडली.

"रेग वडायची आसंल तर माज्यावर वडा. पर आदी सांगा, तीन हाका मारल्या त्येंनी. म्या कुटल्या हाकेला कापायचं हुतं?"

पंचांनी छिन्नी डोहात टाकली म्हणे. त्यानंतर या दगडावर एकही रेघ पडलेली नाही, आणि पंगतीला सगळे एकदमच बसतात.

आजही आमच्यातला कोणी दोर बांधून उतरणार असेल, तर कोयता त्याच्या आईच्या नाहीतर बायकोच्याच हातात असतो. उतरण्याआधी तिच्याकडं तोंड करून त्याला चार माणसांदेखत म्हणावं लागतं, "मी नगं म्हनलो तरी काप." तीनदा म्हटल्याशिवाय ती कोयता हातात घेत नाही.

लग्नानंतर पाचव्या वर्षी मीही तीनदा म्हणालो होतो. आणि दोर ताणल्यावर मीही ओरडलो, थांब, कापू नगंस! तोंडून कसं निघालं, देव जाणे. बायकोनं एकदाच ऐकलं आणि घाव घातला. महिनाभर मी तिच्याशी धड बोललो नाही, याची लाज अजून वाटते. ती काय, तिकडं सावलीत बसली आहे. मी पाण्याशी झगडत होतो, बाकीचे कातळामागं होते, त्यामुळं मासा वर उसळला तो फक्त तिनंच पाहिला. जाताना विचारा तिला, केवढा होता म्हणून. त्या वर्षी तिनं दोन्ही हात पसरून दाखवला होता. हल्ली वीतभर दाखवते.