कोनाडा आणि पेव

खूप जुनी गोष्ट आहे. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका गावात पेरणीचं बी कुणी घरात ठेवत नसे. गावामागच्या टेकडीत खोल खड्डे खणलेले होते. त्यांना पेव म्हणत. प्रत्येक घराचं एक पेव. तोंडावर दगड, दगडावर त्या घराची खूण आणि कडेनं शेणमातीचा लेप. पेवात धान्य असेल तर खूण वर. पेव रिकामं झालं की दगड पालथा. बस, इतकं साधं.

पण येताजाता टेकडी कोण चढणार? म्हणून खाली चावडीत कोनाड्यांची एक भिंत केली होती. ज्याच्या पेवात ज्वारी, त्याच्या कोनाड्यात चिमूटभर ज्वारी. ज्याच्या पेवात तूर, त्याच्या कोनाड्यात तुरीचे चार दाणे. पेव रिकामं, तर कोनाडा रिकामा. पेवराख्यानं रोज सकाळी टेकडी चढायची, दगड बघायचे आणि खाली येऊन कोनाडे तसे लावायचे. मग दिवसभर कुणी काही विचारलं की भिंतीकडे बघून सांगायचं. कुणी धान्य काढलं किंवा भरलं, तर आधी कोनाडा बदलायचा आणि संध्याकाळी वर जाऊन दगडही तसा करून यायचा. रीत चांगली होती. रीतीला मी नावं ठेवत नाही.

नावं ठेवायची ती तात्याबाला. हा पाटलाचा मेव्हणा. जुना पेवराख्या गेला आणि त्याच्या जागी हा येऊन बसला. आधी यानं संध्याकाळची चढण सोडली, मग सकाळची. "भिंत आहे की समोर! वर काय वेगळं असणार?" असं म्हणायचा आणि भिंतीलाच पाठ टेकून घोरायचा. वर आणखी चावडीत कोंबड्या पाळल्या!

आता कोंबडी ती. तिला कोनाडा काय आणि ताट काय! वरच्या रांगा पाटलाच्या आणि त्याच्या सोयऱ्यांच्या. तिथवर तिची चोच पोचेना. खालची रांग गरिबांची. ती तिनं चाटूनपुसून साफ केली.

पेरणी तोंडावर आली. धुरपदा नावाची एक बाई होती. नवरा नाही, पदरात दोन पोरी, आणि पोटाला एकच शेत. ती आपल्या पेवातलं बी काढायचं सांगायला चावडीत आली.

तात्याबानं मान वळवली, भिंतीकडे बघितलं आणि जांभई दिली. "तुझं पेव रिकामं आहे."

"कोण म्हणतं?"

"कोनाडा म्हणतो."

"आणि तू कोण? कोनाड्याचा दुभाषी? अरे, सुगीत माझ्या हातानं भरलंय ते. त्यानंतर लेपाला नखसुद्धा लावलेलं नाही!"

"खाल्लं असशील, विसरली असशील. आणि आता भांडून काय उपयोग? रिकामं पेव पाटलांचं मीठ साठवायला दिलंय. गाड्या वर गेल्यासुद्धा."

बियाण्यावर मीठ! एकदा मीठ पडलं की त्यातला दाणा उगवत नाही. म्हणजे या वर्षी शेत पडीक आणि पोरी उपाशी.

पाटील तिथेच पान लावत बसले होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "पाटील, एकदा वर चला. नुसता दगड बघा."

"अगं बाई, भिंत खोटं सांगत नाही. माझा कोनाडा बघ, कसा गच्च भरलाय. मी चढतो का कधी टेकडी?"

तेवढ्यात एक तांबडी कोंबडी टुणकन उडाली आणि खालच्या रांगेतल्या एका कोनाड्यातले उरलेसुरले दाणे टिपू लागली.

"बघा!" धुरपदा ओरडली. "ही तुमची भिंत! मी मेहनतीनं भरायचं, कोंबडीनं टिपायचं आणि खोटी कोण, तर मी?"

उत्तराची वाट न बघता ती पदर खोचून टेकडीकडे धावली.

वर गाडीवान पहारीनं लेप फोडत होते. दगड उताणा, त्यावर तिच्या घराची फणीची खूण स्पष्ट दिसत होती.

"अरे, खूण वर आहे, दिसत नाही?"

"दिसते की, वहिनी," एक गाडीवान कानकोंडा होऊन म्हणाला. "पण खालून सांगितलंय, रिकामं आहे. आम्ही तोंड उघडून ओतणार. आत वाकून कोण बघतंय?"

"डोळे तुझे की तात्याबाचे?" असं म्हणून धुरपदा दगडावर मांडी ठोकून बसली. "आता ओता. माझ्या डोक्यावर ओता!"

आरडाओरडा ऐकून गाव जमलं. मागून पाटील आले धापा टाकत, आणि त्यांच्या मागून तात्याबा. आता लोकांपुढे पाटलांना नाही म्हणता येईना. दगड हलवला, कोंडलेली हवा जाऊ दिली, मग दोरीला बांधून दिवा आत सोडला. उजेडात ज्वारी मोत्यासारखी चमकली. पेव भरलेलं होतं.

धुरपदा पाटलांकडे वळली. "आता तुमचंही उघडा, पाटील."

पाटील हसले. "माझं? माझा कोनाडा तर..."

"कोनाडा राहू द्या खाली. पेव उघडा."

उघडलं, आणि माणसं नाक दाबून मागे सरली. पाटलाच्या दगडाखालचा लेप सुगीनंतरच्या अवकाळी पावसातच तडकला होता. पाणी आत मुरलं होतं. सगळं बी काळं पडून कुजलं होतं. तात्याबा एकदा जरी वर आला असता, तरी ती भेग त्याला दिसली असती. आणि खाली चावडीत पाटलाचा कोनाडा अजून गच्च भरलेला होता!

त्या वर्षी पाटलानं बी मागितलं ते खालच्या रांगेतल्या घरांकडे. दिलं त्यांनी. नकार द्यायला ती माणसं काही तात्याबा नव्हती. पण धुरपदानं अट घातली, "ज्याला हवं त्यानं स्वतः टेकडी चढायची आणि पेवातून मोजून न्यायचं."

भिंत तशीच राहिली, कारण भिंतीचा काही गुन्हा नव्हता. कोंबड्या मात्र गेल्या. आणि तात्याबा पुन्हा सकाळ-संध्याकाळ टेकडी चढू लागला. चढताना धापा टाकायचा, तेव्हा वाटेतल्या पोरी विचारायच्या, "काय मामा, वर काही वेगळं आहे का?"

बोध: खूण सोयीसाठी असते; खूण आणि खरं यांचं जुळेनासं झालं, तर खूण बदलावी, खऱ्या माणसाला खोटं पाडू नये.