राजवाड्याचा पोळा

"गडदिनी राजवाड्यातला एकही नोकर काम करणार नाही!" चंडप्रतापराजे गरजले. "आणि राजवाड्यातलं एकही काम अडणार नाही! दोन्ही झालंच पाहिजे!"

दिवाण त्र्यंबकपंतांच्या हातातली लेखणीच गळाली.

गडदिन म्हणजे टेंभुरगडच्या राज्याचा सगळ्यात मोठा सण. शत्रूनं बळकावलेला गड राजांच्या आजोबांनी परत घेतला, तो दिवस. राज्यभर सुट्टी! नशीब फुटकं ते फक्त राजवाड्यातल्या नोकरांचं. त्यांनी सुट्टी पाळायला पहाटेच कामावर हजर व्हायचं! गेल्या साली तर दिवाणसाहेबांनी त्यांना उन्हात उभं करून सुट्टीचं महत्त्व सांगितलं. भाषण संपेपर्यंत तिघे झीट येऊन पडले होते आणि चौथा उभ्या उभ्या घोरत होता. म्हणून यंदा राजांचा हा नवा हुकूम!

"पंत, तोंड का पाडलंत?"

"महाराज, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवू. लाकडं फोडून ठेवू. पण गाई काही उद्याचं दूध आज देत नाहीत हो!"

"मग बाहेरून माणसं आणा!"

"राज्यभर सुट्टी आहे, महाराज. हुकमावर आपलीच मोहोर आहे."

"ते आम्हाला सांगू नका! उद्या सकाळपर्यंत उपाय हवा. नाहीतर नोकरांची गडदिनाची सुट्टी कायमची बंद!"

बातमी मुदपाकखान्यात पोचली, तेव्हा ठकूबाई पाट्यावर पुरण वाटत होती. तिचा वरवंटा जागच्या जागी थांबला. तिची लेक सारजा पहिलटकरीण, सातवा महिना. चार कोसांवर तिच्या सासरी नेमकं गडदिनाच्याच दुपारी डोहाळजेवण! "आभाळ कोसळलं तरी ओटी भरायला येते," असा ठकूनं शब्द दिला होता. आता आभाळ राहिलं बाजूला, हा राजाच कोसळला की डोक्यावर!

रात्रभर ती तळमळली. सकाळी पदर खोचून थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, एक विचारू? सुट्टी घ्यायची असते की पाळायची?"

"पाळायची! सण आहे तो!"

"मग सोपं आहे. आमच्याकडे बैल पाळलेत. वर्षातून एक दिवस त्यांचा, पोळ्याचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पण काम अडतं का? त्याला आंघोळ कोण घालतं?"

"मालक," राजे म्हणाले.

"शिंगं कोण रंगवतं? हळद-लोणी लावून खांदा कोण मळतं?"

"मालकच की!"

"पुरणपोळी कोण भरवतं?"

"मालकीण!" राजे उत्साहानं ओरडले आणि एकदम चपापले. मिशी थरथरली. "म्हणजे... दूध आम्ही काढायचं?"

"अगंबाई, मी कुठं तसं म्हटलं? हुकूम आपलाच आहे. नोकरांनी काम करायचं नाही, काम अडायचं नाही. आता वाड्यात नोकर सोडले तर उरतं कोण?"

सगळा दरबार आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागला.

"पण सण आमचाही आहे!" राजे हट्टाला पेटले. "आम्हालाही सुट्टी हवी!"

"सुट्टी कामाची असते, महाराज. आपण काय काम करता?"

"आम्ही राज्य करतो!"

"मग तेवढं त्या दिवशी बंद ठेवा. आपल्यालाही सुट्टी, आम्हालाही!"

कुठूनतरी खुदकन हसू फुटलं. दिवाणसाहेबांनी घाईघाईनं खोकून घेतलं, पण फुटलं होतं त्यांनाच. राजांनी डोळे वटारले. "ठीक आहे! पण दुपारपर्यंत तू इथं थांबायचं. एक जरी काम अडलं, तरी सुट्टी बंद!"

आणि काय सांगू, गडदिन उजाडला तो असा! नोकरमंडळी ओसरीवर पाय पसरून बसली. दिवाणसाहेबांनी अंगण झाडलं, म्हणजे धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. राणीसाहेबांनी चूल पेटवली आणि काजळीनं माखलेल्या तोंडानं म्हणाल्या, "इश्श! इतकी वर्षं मला कुणी इथं येऊच दिलं नाही!" राजे दूध काढायला बसले. गाईला काही मुजरा करायचं वळण नव्हतं. तिनं एक लाथ झाडली, चरवी एकीकडे, महाराज दुसरीकडे!

"आचळ धरा महाराज, शेपूट नव्हे!" ओसरीवरून गवळी ओरडला. आज त्याला कोण अडवणार?

दूध निघालं. पुरण वाटताना राजांच्या कपाळावरून घाम निथळला. "रोज एवढं वाटतेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज याच्या चौपट," ठकू म्हणाली.

शेवटी राजांनी स्वतः लाटलेली पोळी ठकूच्या पानात वाढली. एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला शिंग!

"हा कसला आकार, महाराज?"

"राज्याचा नकाशा आहे! गडदिन आहे ना!"

"तरीच! उत्तरेच्या सीमेवरून पुरण पळून चाललंय!"

सगळी ओसरी हसून लोळली. राजेही हसले, पण ठकूचं लक्ष उन्हाकडे होतं. सावल्या पायाशी आल्या होत्या. चार कोस चालत जायचं, तर ओटी भरायची वेळ टळणार. तिचे डोळेच भरून आले.

"आता काय झालं?" राजांनी विचारलं. तिनं सारजाचं सगळं सांगितलं.

"एवढंच ना! एकही काम अडलं नाही, तू जिंकलीस. यापुढे दरसाल गडदिन असाच! तुझ्या लेकीला हिरवा शालू आमच्याकडून, आणि तू आमच्या रथातून जा! अरे, कोण आहे रे तिकडे? रथ जोडा!"

कुणी जागचं हललं नाही.

ठकूनं पदरानं डोळे पुसले आणि हात जोडले. "महाराज, सारथ्यालाही आज सुट्टी आहे!"

राजांनी कपाळावर हात मारला. मग असे खदखदून हसले, असे हसले, की मंदिल घरंगळून पुरणाच्या पातेल्यात पडला! तो तसाच डोक्यावर ठेवून त्यांनी घोडे जुंपले, पुढं चढून लगाम हाती घेतले आणि ओरडले, "बसा ठकूबाई! एकही काम अडायला नको!"