घोड्यावरच्या मुलाचं नाव

एका शहरात एकदा एक वृद्ध व्यापारी राहत असे. तो काय विकायचा हे सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. तो लोकांच्या सहली विकायचा! म्हणजे जुने घरगुती फोटो. कोणाची माथेरानची सुट्टी, कोणाचा पन्हाळा, कुठे तलावातल्या होडीत दाटीवाटीनं बसलेली सात माणसं. घरं रिकामी होतात तेव्हा असे अल्बम रद्दीत जातात. वृद्ध ते रद्दीवाल्याकडून घेई, काळ्या पानांवरून एकेक फोटो अलगद सोडवी आणि शौकिनांना विकी. आणि शौकीन असतात, बरं का! परक्यांची सुट्टी विकत घेऊन आपल्या भिंतीवर टांगणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना हसू नका. ज्याचं पान रिकामं राहिलं, भूक त्यालाच ठाऊक.

या वृद्धाचा एक नेम होता. नव्या अल्बममधले सगळे फोटो तो दुकानाबाहेर दोरीला चिमटे लावून टांगी आणि तेरा दिवस त्यातला एकही विकत नसे. गिऱ्हाईक नोटा हातात घेऊन उभं राहिलं, तरी नाही. त्याच्या हाताखाली धंदा शिकायला एक शिष्य होता. पस्तिशीचा, बायकापोरांचा, हुशार, पण भारी उतावळा. त्याला हा नेम म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटे.

"अण्णा, उन्हानं फोटो फिके पडतात," तो म्हणे. "गिऱ्हाईक तोंड फिरवून जातं. तेरा दिवस कशापायी?"

"एक माणूस गेलं तरी घर तेरा दिवस थांबतं," अण्णा म्हणत. "इथं अख्खं कुटुंब रद्दीत गेलंय. कुणी शोधत आलं तर? तेवढं तरी थांबू या."

शिष्य मान डोलवी आणि मनात म्हणे, साठी बुद्धी नाठी. इतक्या वर्षांत शोधत कोण आलं होतं? कुणीसुद्धा नाही.

एकदा अण्णा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस परगावी गेले. नव्या अल्बमचा तो अकरावा दिवस होता. दुपारी एक सुखवस्तू, एकटे गृहस्थ दुकानाशी थांबले. दोरीवरच्या एका फोटोपुढे ते इतका वेळ उभे राहिले, की शिष्यालाच अवघडल्यासारखं झालं. महाबळेश्वरचा फोटो होता. घोड्यावर एक लहान मुलगा, शेजारी त्याची आई आणि बहीण, लगाम धरलेला घोडेवाला. गृहस्थांनी मागेल ती किंमत देऊ केली. शिष्यानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, चिमटा काढला आणि फोटो त्यांच्या हाती दिला. पावतीवर त्यांचा पत्ताही लिहून घेतला. दोन दिवसांनी काय मोठं आकाश कोसळणार होतं?

कोसळलं ना! तेराव्या दिवशी सकाळी अण्णा काळा चष्मा लावून नुकतेच गादीवर बसले होते. इतक्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई घामाघूम होऊन आली. दोरीकडे पाहताच ती ओरडली, "अगं बाई, हे आमचेच!" पुतण्यानं घर रिकामं करताना अल्बम रद्दीत घातला होता, आणि चार दिवस ती रद्दीवाल्यांची दारं पुजत फिरत होती. तिनं एकेक चिमटा चाचपला. मग ती शिष्याकडे वळली.

"घोड्यावरचा कुठाय?"

शिष्यानं पावतीपुस्तक काढलं. बाई सांगू लागली. घोड्यावरचा मुलगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्या सहलीनंतर दोन महिन्यांत तापानं गेला. त्याचा तेवढा एकच फोटो. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस, फार तर उद्याचा. आणि आईनं एकच धोसरा धरलाय.

"म्हणते, त्याचा चेहराच आठवत नाही गं. वर गेल्यावर मी त्याला ओळखू कशी?" बाईनं पदरानं तोंड दाबून घेतलं.

अण्णांनी शिष्याला एवढंच विचारलं, "कितव्या दिवशी दिलास?"

"अकराव्या."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठले आणि पायात चपला अडकवल्या. "पत्ता आहे ना? रिक्षा थांबव."

गृहस्थांच्या घरी पोहोचले तर बैठकीत तीन पाहुणे चहा घेत होते. समोरच्या भिंतीवर अनोळखी कुटुंबांच्या सुट्ट्या ओळीनं टांगलेल्या, आणि मधोमध तो फोटो, नव्या चौकटीत. गृहस्थ पाठमोरे होते. ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते, "आणि हा मी. सहा वर्षांचा. घोड्यावरून उतरायलाच तयार नव्हतो!"

बाईच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. गृहस्थ वळले आणि शिष्याला ओळखून पांढरेफटक पडले. शिष्य तोंड उघडणार, तोच अण्णांनी त्याचं मनगट असं आवळलं, की त्याला कळ आली.

"सुरेख फोटो आहे," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीत बसले. बाईंनाही त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

चहा आला. शिष्य आतल्या आत जळत होता. तिकडे एका जिवाची घटका भरत आलीय आणि हा म्हातारा खुशाल चहात बिस्किट बुडवतोय! एका शब्दात या खोटारड्याचं पितळ उघडं पडलं असतं. पण अण्णांनी पाहुण्यांना पावसापाण्याच्या चार गोष्टी विचारल्या, त्यांची गावं विचारली. वीस मिनिटांनी पाहुणे निरोप घेऊन गेले. दार लागताच गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडे पावती आहे."

शिष्यानं हात जोडले. फोटो या बाईंच्या घरचा आहे, चूक माझी, म्हणाला, दुप्पट घ्या, तिप्पट घ्या.

"मला विकायचाच नाही." गृहस्थांचा आवाज चिरकला. "मी वसतिगृहात वाढलो. सुट्टी लागली की सगळी पोरं घरी जायची. मी आणि स्वयंपाकी, दोघंच राहायचो. मला कधी कुणी घोड्यावर बसवलं नाही. माझा लहानपणाचा एकही फोटो नाही. यांच्याकडे बाकीचे आहेत ना? मग एवढा एक राहू द्या मला!"

"राहू द्या," अण्णा म्हणाले. "फक्त पाच मिनिटं या बाईंच्या हातात द्या. मागे नावं लिहायची राहिलीत."

गृहस्थ घुटमळले, पण त्यांनी फोटो चौकटीतून काढून दिला. अण्णांनी खिशातून मऊ शिशाची पेन्सिल काढली. बाई लिहू लागली आणि लिहिता लिहिता पुटपुटू लागली. "डावीकडून... इंदुमती, आमची आई. मग मी, कुमुद. घोडेवाले हसनभाई. घोडा... घोड्याचं नाव राजा. रंगूनं दिवसभर विचारून विचारून भंडावलं होतं त्यांना." मग तिचा हात थांबला. बऱ्याच वेळानं तिनं शेवटची ओळ लिहिली. "घोड्यावर श्रीरंग, वय सहा. घरी रंगू. आई अजून त्याच्याबद्दल विचारते."

अण्णांनी तो फोटो तिच्या हातून घेतला, गृहस्थांच्या हातात ठेवला, नमस्कार केला आणि जिना उतरू लागले.

फाटकाशी येताच शिष्याचा बांध फुटला. "अण्णा, डोळ्यांबरोबर अक्कलही काढून घेतली का हो डॉक्टरांनी? हातात आलेला फोटो परत दिलात! या मावशींनी आता आईला काय दाखवायचं?"

"ओरड," अण्णा म्हणाले. "तुझा हक्क आहे. पण ऐक. त्यानं चोरी केलेली नाही, विकला तो आपण. तू मागितलास, तिप्पट देऊ केलेस, दिला त्यानं? पाहुण्यांसमोर त्याची अब्रू काढली असती तर त्यानं फोटो फाडला असता, पण दिला नसता. बाबा रे, आपला धंदा बिननावाच्या माणसांवर चालतो. नाव नाही, म्हणून तो त्या मुलाला 'मी' म्हणू शकत होता. आता तो मुलगा रंगू आहे. त्याची आई वाट पाहतेय. हे वाचून त्याला काय करायचं ते त्याला करू दे."

"आणि नाही आला खाली, तर?"

"तर ते पाप तुझं आणि माझं. त्याचं नव्हे. तुला नेम सांगितला, पण तो तुझ्या गळी उतरला की नाही हे मी कधी पाहिलं नाही."

थांबलेल्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. बाई फाटकाला टेकून उभी होती आणि वर खिडकीकडे पाहायचं टाळत होती. आयुष्यात शिष्यानं कितीतरी गिऱ्हाइकांची वाट पाहिली होती, पण अशी कधी पाहिली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. गृहस्थ अनवाणीच खाली आले होते. फोटो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. बाईंकडे न पाहता ते म्हणाले, "मी... मी आलो तर चालेल का?"

बाईनं क्षणभर विचार केला. "या," ती म्हणाली.

सगळे बाईच्या घरी पोहोचले तेव्हा म्हातारी जागी होती, श्वास वरवर चालला होता. "आई, हे रंगूला घेऊन आलेत," बाई तिच्या कानाशी म्हणाली. गृहस्थ गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फोटो तिच्या डोळ्यांपुढे धरला. म्हातारीनं बोट उचललं आणि मुलाच्या तोंडावरून फिरवलं. मग ते बोट खाली आलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं कुमुद, बटणं बघ याची! एक सोडून लावलीयेत. कुणी घातला याला स्वेटर?"

"मी घातला होता, आई." बाई हसत होती आणि रडत होती.

"थंडी लागली असेल गं त्याला."

बाईला पुढे बोलवेना. गृहस्थांनी एकदा अण्णांकडे पाहिलं. या वेळी अण्णांनी कुणाचंही मनगट धरलं नाही. गृहस्थ खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "नाही लागली, आई."

"मग झालं," म्हातारी म्हणाली. तिनं फोटो त्यांच्या हातून घेतला, छातीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले.