करवंदनगरचा सायकल मार्ग

एक होतं जंगल. त्यात झाडं कमी आणि चौक जास्त होते, म्हणून त्याला शहर म्हणायचे. नाव करवंदनगर. करवंदं कुठे गेली ते विचारायचं नाही, त्याची चौकशी चालू आहे.

या शहरात हैबती नावाचं साळिंदर राहत असे. हैबती शाळेत शिपाई होता. सकाळी सातच्या ठोक्याला घंटा वाजवणं हे त्याचं काम, आणि ते तो जीव ओतून करायचा. अडचण होती ती पोचण्याची. बसमध्ये त्याच्या शेजारी कोणी उभं राहत नसे. एकदा तो चढला, तर पुढच्या थांब्यापर्यंत सगळी बस रिकामी झाली आणि वाहक टपावर बसून राहिला. शेवटी बिचाऱ्याने सायकल घेतली. पण रस्ता रेड्यांच्या जीपगाड्यांचा. एखादी जीप घासून गेली की हैबतीच्या काट्याने तिचं चाक पंक्चर व्हायचं, आणि भांडण मिटेपर्यंत सव्वासात. मुख्याध्यापिका घोरपडबाईंनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे दोन लाल फुल्या मारल्या होत्या. तिसरी पडली की नोकरी गेली, आणि घरी पाच पिल्लं.

म्हणून महापौर गवेसाहेबांनी ज्या दिवशी सायकल मार्गाची घोषणा केली, त्या दिवशी हैबतीला आनंदाने भरून आलं. त्याने साखळीला तेल घातलं आणि बायकोला सांगितलं, आता काळजी मिटली.

मार्ग झाला. हिरवागार रंगवला. इतका हिरवा, की उद्घाटनाआधीच नगरसेवक बोकडांनी त्यातला अर्धा चाटून संपवला. तो पुन्हा रंगवावा लागला. कंत्राटदार रेडा म्हणाला की आपली काही हरकत नाही.

आता करवंदनगरचा एक रिवाज होता. तिथे कुठलीही गोष्ट मांडव घातल्याशिवाय सुरू होत नसे. रस्त्यावर मांडव घातला तर रहदारी अडते, म्हणून तो सायकल मार्गावर घातला. गवेसाहेबांनी फीत कापली. "बंधूंनो, भगिनींनो आणि शेपटीवाल्यांनो," ते म्हणाले, "हा मार्ग तुमचा आहे. चाक तुमचं, वेग आमचा."

उद्घाटन झालं, पण मांडव निघेना. आधी त्यात आभाराची सभा झाली, मग गवेसाहेबांचा वाढदिवस. मग विरोधी पक्षाचे अस्वलराव उपोषणाला बसले, की हा मार्ग जनतेला वापरू दिला जात नाही. उपोषणालाही मांडव लागतोच, आणि आयता उभा असताना दुसरा कशाला घालायचा, असा समंजस विचार दोन्ही पक्षांनी केला.

हैबती अर्ज घेऊन रस्ते अधिकारी बगळेसाहेबांकडे गेला. बगळेसाहेब एका पायावर उभे राहून फार शांतपणे ऐकून घेत. त्यांनी सांगितलं की मांडव हलवण्याआधी पाहणी करावी लागेल. मग ते आठ दिवस मांडवाच्या सावलीत उभे राहिले आणि मार्गावरून किती सायकली जातात ते मोजलं. एकही गेली नाही. त्यांनी अहवालात तसं लिहिलं, आणि प्रामाणिक अधिकारी असल्यामुळे हेही लिहिलं की अपघातही एकही झाला नाही.

अहवाल राजधानीत पोचला. अख्ख्या जंगलात इतका सुरक्षित मार्ग दुसरा नव्हता. करवंदनगरला पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याच्या समारंभासाठी पहिल्या मांडवाला दुसरा जोडण्यात आला.

समारंभ सकाळी साडेसहाचा, कारण राजधानीच्या पाहुण्यांना पुढे आणखी तीन पुरस्कार द्यायचे होते. पाहुण्यांच्या जीपगाड्यांनी रस्ता तुंबला. सातला दहा कमी असताना हैबती त्यात अडकून उभा होता. आधी त्याला रडू आलं. मग संताप आला, आणि संतापल्यावर साळिंदराचं जे होतं ते झालं. सगळे काटे ताठ उभे राहिले. त्याने हँडल वळवलं आणि सायकल हिरव्या मार्गावर घातली.

मांडवात गवेसाहेब सांगत होते की या मार्गावर आजवर कोणालाही साधा ओरखडादेखील उठलेला नाही. तेवढ्यात हैबती पुढच्या रांगेतून गेला. सोफ्यांच्या गाद्या फाटल्या, कापूस उडाला, कनात टरकली. पाहुण्यांसाठी आणलेला हार त्याच्या पाठीवर अडकला. दोन बोकडांना वाटलं जेवणाची रांग सुरू झाली, ते हार खात खात त्याच्यामागे धावले. हैबती दुसऱ्या टोकाने बाहेर पडला तेव्हा मांडवाची झालर अंगावर घेऊनच. त्या अवतारात तो शाळेत पोचला आणि सातच्या ठोक्याला घंटा वाजवली.

घोरपडबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. हैबतीला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चौकशी समिती बसली आणि उठलीदेखील. निष्कर्ष असा निघाला की सायकल मार्गाच्या इतिहासात एकच अपघात झाला आहे आणि तो सायकलमुळे झाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्गावर पाटी लागली. सायकलींना सक्त मनाई. ठराव एकमताने झाला, अस्वलरावांनी अनुमोदन दिलं. हैबतीची सायकल जप्त झाली.

"मग हा मार्ग आहे कोणासाठी, साहेब?" हैबतीने विचारलं.

बगळेसाहेबांनी पाय बदलला. "नागरिकांसाठीच," ते म्हणाले. "फक्त नागरिकांनी तो वापरायचा नाही."

त्या दिवशी हैबती चालत शाळेत पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. घोरपडबाईंनी तिसरी फुली मारली. मारताना त्यांनाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

हल्ली घंटा वाजवायला गवेसाहेबांचा मेहुणा आहे. तो जीपने येतो, साधारण साडेदहाला. त्याला एकदाही लाल फुली पडलेली नाही, कारण तो येईल तेव्हा सात वाजले असं धरावं, असा आदेश महापालिकेने काढला आहे.