राळ्याचे तिसरे ताट

एका राज्यात माणसे पुष्कळ होती, पण कोणाला कोणी दिसत नव्हते.

राजवाड्याच्या पायऱ्या रोज झाडल्या जात. झाडणारा दिसत नसे. देवघरात समई लागे. लावणारा हात दिसत नसे. विहिरीवर रहाट फिरे, पोहरा वर येई, घागर भरे, आणि ओल्या पावलांचे ठसे उमटत उमटत कोपऱ्याआड जात. हाक मारली तर ती कोणाच्या कानी पडत नसे. हात पुढे केला तर हाताला नुसता वारा लागे. अशा राज्याचा राजा हेमांगद. सात वर्षे तो सिंहासनावर बसत होता, आणि समोर कोणी मुजरा केला की नाही, हे त्याला सात वर्षे ठाऊक नव्हते.

दोष त्याचाच होता. एके काळी त्याच्या दारी शेतकरी येत, गाडीवान येत, दळणाऱ्या बाया येत. कोणाचे गाऱ्हाणे पाण्याचे, कोणाचे बांधाचे. राजा त्या वर्दळीला कंटाळला. भैरवांग नावाचा मांत्रिक दरबारी आला आणि म्हणाला, "राजा, काय हवे ते माग."

राजा म्हणाला, "असे अन्न दे की त्यासाठी मला कोणाची गरज पडू नये."

"देतो. पण ज्याला कोणाची गरज नाही, त्याला कोणी दिसणारही नाही, आणि तोही कोणाला दिसणार नाही. चालेल?"

राजाला वाटले, मांत्रिक माणूस आहे, असेच काही बोलायचा. तो हसून म्हणाला, "चालेल."

मांत्रिकाने अंगणात तांबड्या मातीचा एक रांजण ठेवला. रोज माध्यान्ही तो पंचपक्वान्नांनी भरे आणि कितीही उपसला तरी रिता होत नसे. पहिल्या दिवशी राजा जेवला, मग राणी, मग वाडा, मग नगर. लोकांनी नांगर टाकले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा जो तो आपापल्या घरात एकटा होता.

राणीचे नाव कुमुदिनी. ती याच वाड्यात आहे, हे राजा जाणून होता. तिचा झोपाळा दुपारी हलू लागे. तिची फणी कोनाड्यातून आरशापाशी जाई आणि परत कोनाड्यात येई. प्रारंभी राजा झोपाळ्यासमोर बसून बोलत असे; पुढे बोलणे खुंटले, नुसते बसणे उरले. आणि सातव्या वर्षी एका दुपारी त्याच्या ध्यानी आले की राणी हसली म्हणजे खळी कोणत्या गालावर पडे, हे त्याला आठवत नाही. त्याने डोळे मिटले. उजवा गाल पाहिला, डावा पाहिला. दोन्ही गाल कोरे होते.

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भय वाटले. आज खळी गेली. उद्या चेहरा जाईल. मग झोपाळा हलेल, आणि तो कोण हलवते आहे हेही आपण विसरून जाऊ.

तो परसात येऊन उभा राहिला. सात वर्षांचे गवत कमरेइतके वाढले होते. त्या गवतातून तीन पाखरे बाहेर आली: एक तांबडा कोंबडा, एक काळी कोंबडी, आणि एक म्हातारी, पांढऱ्या ठिपक्यांची कवडी कोंबडी. राजाने सात वर्षांत प्रथमच जिवंत डोळे पाहिले. कारण उघड होते: पाखरांनी रांजणाचे अन्न कधी खाल्ले नव्हते.

कवडी कोंबडी म्हणाली, "असा टक लावून काय पाहतोस? कोंबडी पाहिली नाहीस कधी?"

राजा म्हणाला, "कोणीच पाहिले नाही, बाई. सात वर्षे झाली."

"ठाऊक आहे. आम्ही सीमेपलीकडून आलो; तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. उपाय हवा असेल तर सांगते. कामे तीन आहेत. पहिले, एक वाफा स्वतःच्या हाताने पिकव. दुसरे, एका अंड्यातून जीव बाहेर आण. तिसरे, त्या वाफ्यातले ताट दुसऱ्याला वाढ, आणि त्याने पहिला घास घेईपर्यंत तू उपाशी राहा. आजपासून रांजणाचा कण तुझ्या पोटात जाता कामा नये."

"एवढेच?"

"एवढेच," कवडी म्हणाली. "तू केलेस म्हणजे कळेल, केवढे ते."

राजाने रांजणाकडे पाठ केली. परसातला केना, कुर्डू, तांदुळजा उकडून तो खाऊ लागला. पण पेरायला बी कुठून आणावे? कोठारातल्या कणग्यांत भुंग्यांनी नुसते पीठ ठेवले होते. तेव्हा त्याला राणीच्या माहेरच्या भोपळ्याची आठवण झाली. कुमुदिनी डोंगराकडच्या एका लहान जहागिरीची लेक. लग्नात तिने दागिन्यांबरोबर दोन वाळके भोपळे आणले होते, आणि त्यांत राखेत मुरवलेले बी होते. राजा तेव्हा म्हणाला होता, "राणीला बियाणे कशाला?" त्यावर तिने भोपळे उचलून फडताळात ठेवले होते. ते आजही तिथेच होते. एकात राळ्याचे बारीक पिवळे धान्य होते, एकात मेथी. राख झटकली तर बी तसेच.

राजाने राजदंडाने ढेकळे फोडली. वाफा केला, बी टाकले, पाणी शिंपडले. संध्याकाळ झाली. एवढ्या मोठ्या वाड्यात आपल्या येण्याची वाट पाहणारे आता काहीतरी आहे, या विचाराने त्याला राहवेना. त्याने बोटाने माती उकरली आणि बी पाहिले. दुसऱ्या दिवशी उकरले, तिसऱ्याही दिवशी उकरले. आठव्या दिवशी वाफ्यात मोड सुकलेले दाणे तेवढे होते.

कवडी म्हणाली, "राजा, तू पेरतोस की चोराची झडती घेतोस?"

"मला वाटले, आत काही चालले आहे की नाही पाहावे."

"चालले होते. तू पाहिलेस, म्हणून थांबले."

उरलेल्या बियाण्यात त्याने दुसरा वाफा केला, आणि या खेपेस हात पाठीशी बांधून बसला. पाचव्या सकाळी मेथीने माना वर काढल्या. मागाहून विरळ विरळ राळा आला. राजा त्या वाफ्याशी बोलू लागला. वाफा उत्तर देत नसे, पण रोज थोडा उंच होई, आणि एकट्या माणसाला तेवढे उत्तर पुरे होते.

दरम्यान काळी कोंबडी खुडूक झाली. राजाने गवताच्या टोपलीत सात अंडी मांडून तिला बसवले, आणि ऊन लागू नये म्हणून आपले सोन्याच्या दांड्याचे छत्र वर रोवले. मातीने शिकवलेले तो टोपलीपाशी विसरला. दिवसातून चारदा कोंबडी उचलून तो अंडी कानाशी लावू लागला. काळी चिडली, तिने त्याच्या मनगटाला चोच मारली, आणि दहाव्या दिवशी टोपली सोडून कोंबड्यामागे निघून गेली. अंडी गार पडली.

राजाने ती गार अंडी टोपलीतून काढून मातीत पुरली. मग म्हणाला, "कवडी, मला दिसले नाही की ते नाहीच, असे वाटते. सात वर्षांत तशी सवय लागली."

कवडीने पायाने माती ओढली, एक किडा टिपला आणि म्हणाली, "काळी अंड्यांवर एकवीस दिवस बसते. तिला तरी आतले कुठे दिसते? ती ऊब देते. बाकीचे अंडे आपले आपण पाहून घेते."

राळा पोटरीत येण्याच्या, कणसे फुटण्याच्या सुमारास काळी पुन्हा खुडूक झाली. राजाने अंडी मांडली, दाणापाणी ठेवले, आणि टोपलीकडे पाठ करून मेथीचा नवा वाफा खणायला घेतला. एकविसाव्या दिवशी त्याच्या पाठीमागे बारीक चिवचिव झाली. तो वळला नाही. दुपारी तीन ओली पिले आपण होऊन त्याच्या पायाशी आली. राजाने खाली वाकून त्यांना पाहिले, आणि सात वर्षांत प्रथमच त्याचे डोळे भरून आले.

राळा पिकला. कणसे खुडून, मळून, कांडून झाली. पुढच्या पेरणीचे बी काढून ठेवल्यावर जे उरले ते तीन ताटांपुरते होते.

"तीन ताटे, तीन दिवस," कवडी म्हणाली. "चौथा दिवस नाही."

पहिल्या दिवशी राजाने राळ्याचा भात शिजवला, मेथीचे पातळ कालवण केले, आणि झोपाळ्यासमोर पाट मांडून ताट ठेवले. शेजारी स्वतः उपाशी बसला. माध्यान्ही अंगणातल्या रांजणाचे झाकण उचलले गेले, पुन्हा बसले. झोपाळा हलला, थांबला. ताट निवले, भात वाळला, कोंबड्या येऊन खाऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने ताटाभोवती रांगोळी काढली, मोत्यांचे पडदे सोडले, उदबत्ती लावली. झोपाळा त्या दिवशी हललाच नाही. राजाला वाटले, एखादे वेळी राणी इथे नसेलही. कधीच निघून गेली असेल. मी एका वाऱ्याला जेवू घालतो आहे. वाफा उकरण्यासाठी हात शिवशिवावा तसा त्याचा जीव शिवशिवला. पण तो उठला नाही.

तिसऱ्या दिवशी उपाशी पोटी त्याच्यात रांगोळी काढण्याचे त्राण नव्हते. त्याने पाट मांडला, भात वाढला, कालवण वाढले. पातळ कालवण ताटभर पसरून भाताखाली शिरू लागले. तेव्हा राजाच्या हाताने, त्याला न विचारता, शेजारच्या सरपणातली एक लाकडाची ढलपी उचलली आणि ताटाच्या उजव्या कडेखाली सरकवली. ताट कलले. कालवण डावीकडे जमले, भात कोरडा राहिला.

राजा आपल्या हाताकडे पाहत राहिला. कुमुदिनीला असेच लागे. भात आणि कालवण एकमेकांत गेलेले तिला खपत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून तिच्या ताटाखाली टेकू देण्याचे काम त्याचे होते. सेवक असतानाही ते त्याने कोणाला करू दिले नव्हते. चेहरा विसरला, पण हात विसरला नव्हता.

माध्यान्ह झाली. रांजणाचे झाकण उचलले गेले, आणि तसेच अधांतरी थांबले. मग ते हळूच खाली बसले. झोपाळा हलला. पाट किंचित सरकला.

राजाने डोळे मिटून घेतले. त्याला पाहायचे नव्हते.

बांगड्यांचा आवाज झाला. मग सात वर्षांनी, अगदी जवळून, एक आवाज आला, "मेथी निबर होऊ दिलीत."

राजा म्हणाला, "खुडायला उशीर झाला."

"किती?"

"सात वर्षे."

त्याने डोळे उघडले. राणी घास हातात धरून बसली होती. केसांत पांढरी बट आली होती, ती त्याने कधी पाहिलेली नव्हती. ती थकलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती, आणि हसली तेव्हा खळी डाव्या गालावर पडली.

"मीही रोज तुमच्या पलंगावरच्या सुरकुत्या पाहत असे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही आहात, असे धरून चालत होते. जेवा आता."

दोघे एका ताटात जेवले. दुसऱ्या दिवशी राणीने कासोटा घालून बियाणे हाती घेतले, आणि एकाचे चार वाफे झाले. त्या वाफ्यांतले पहिले ताट झाडणाऱ्याच्या केरसुणीपाशी ठेवले गेले, दुसरे समईपाशी. जो जेवे तो दिसे, आणि जो दिसे तो कुदळ घेई. घाई कोणाला करता येत नव्हती; राळा आपल्या वेळेनेच पिके. नगरातला शेवटचा माणूस, उत्तर वेशीवरचा एक म्हातारा पहारेकरी, तिसऱ्या सुगीला दिसला. त्याने पहिला घास घेतला त्याच माध्यान्ही रांजण आपोआप तडकला. त्याच्या एका खापरात परसातल्या कोंबड्या पाणी पिऊ लागल्या. दारी पुन्हा गाऱ्हाणी येऊ लागली: कोणाचे पाण्याचे, कोणाचे बांधाचे. राजा ती बसून ऐकत असे.

कवडी कोंबडी मात्र त्यानंतर बोलली नाही. राजाशी बोलायला आता माणसे होती. तरी संध्याकाळी राज्यकारभार आटोपला की हेमांगद परसात जाई, मूठभर दाणे टाकी, आणि तिच्यापाशी बसे. ती टिपत राही. आत काय चालले आहे, हे त्याने तिला कधी विचारले नाही.

त्या राज्यात आजही पंगत बसली की प्रत्येकजण आधी शेजाऱ्याच्या ताटाला टेकू देतो, मग आपले ताट पाहतो. त्यांच्या ताटांना जसा शेजार लाभला, तसा ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ताटांनाही लाभो.