त्रिंबकने ऑनलाइन पुस्तकं विकली

एका बाजारगावात त्रिंबक नावाचा एक भोळा पुस्तकवाला राहायचा. ‘बसा’ म्हटलं की बसायचा आणि ‘उठा’ म्हणेपर्यंत उठायचा नाही.

दुकान वडिलांच्या वेळचं. पण लोक आता मोबाइलवर पुस्तकं मागवायला लागले होते. दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा पुण्याची भाची चारू आली. म्हणाली, “मामा, तुम्हीही ऑनलाइन विका. अख्खा महाराष्ट्र तुमचं गिऱ्हाईक होईल.” तिने मोबाइलवर दुकान मांडून दिलं आणि जाताना बजावलं, “पुस्तक आधी नीट गुंडाळायचं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायची, मगच गिऱ्हाईकाला द्यायचं.”

“बरं,” त्रिंबक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. “एखादं प्रवासवर्णन दाखव रे.”

त्रिंबकने चिकटपट्टीने जखडलेलं एक पुडकं पुढे केलं.

“कुठल्या प्रवासाचं आहे?”

“ते आत लिहिलंय.”

मास्तर तडक घरी गेले.

चारूने फोनवरच कपाळावर हात मारला. “अहो मामा, गिऱ्हाईकाला आधी वाचून बघू द्यायचं!”

“बरं.”

मग नागपूरच्या एका गृहस्थांनी रहस्यकथा मागवली. नागपूर इतकं लांब, ते वाचून बघणार कसे? त्रिंबकने त्यांना फोन लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. गृहस्थ सभ्य होते, ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी खुनी सापडला. माळी निघाला. गृहस्थ “वा!” म्हणाले आणि त्यांनी ऑर्डर रद्द केली.

“मामा, शेवट कधी सांगायचा नसतो! शेवट झाकून ठेवायचा.”

“बरं.”

पुढची ऑर्डर लातूरहून आली. पाककृतींचं पुस्तक. त्रिंबकने दिवसभर बसून प्रत्येक पाककृतीच्या शेवटच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली. आठवड्याने बाईंचा फोन आला.

“काका, गुलाबजाम तुपात सोडलेत. पुढे काय करायचं?”

“ते सांगता येणार नाही, ताई. मजा जाईल.”

“अहो, करपायला लागलेत!”

“हो का? म्हणजे रंगत चाललंय.”

ताईंनी दुकानाला पाचातला एक तारा दिला. त्रिंबकने घरात पेढे वाटले. एक तरी मिळाला.

“गिऱ्हाईकापासून काही म्हणजे काही लपवायचं नाही!” चारू ओरडली. “विचारेल ते सांगून टाकायचं.”

“बरं.”

दोनच दिवसांनी कुणाचा तरी फोन आला. “मी तुमचं गिऱ्हाईक. पैसे पाठवतोय. मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते सांगा.” त्रिंबकने सांगितले. नीट ऐकू आले नसतील म्हणून पुन्हा सावकाश सांगितले. बँकेतलं खातं धुऊन निघालं. त्रिंबकची बायको इंदू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चारूला तर रडूच कोसळलं.

“मामा, जो आकडा विचारतो तो चोर! त्याला एकही आकडा सांगायचा नाही. थेट पोलिसांत जायचं.”

“बरं,” त्रिंबक म्हणाला. या वेळी त्याने उपरण्याला गाठ मारून ठेवली. आता चूक होणे नाही.

सोमवारी दुकानापुढे टेम्पो उभा राहिला. तालुक्याच्या वाचनालयाच्या चिटणीसबाई उतरल्या, सोबत दोन कारकून. मोबाइलवर दुकान पाहून आल्या होत्या.

“आमची नवी इमारत झालीय,” बाई हसून म्हणाल्या. “तुमची सगळीच्या सगळी पुस्तकं घ्यायची म्हणतोय. किती असतील?”

त्रिंबकने उपरण्याची गाठ चाचपली.

“आणि सवलत किती द्याल?”

“बसा हं, चहा सांगून येतो,” असं म्हणत तो बाहेर आला. शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि धावत पोलीस चौकी गाठली.

“साहेब, चोर पकडलेत! दुकानात कोंडून आलोय!”

आत एकटे हवालदार होते. ते टोपी चढवत उठले. “शाब्बास रे पठ्ठ्या! किती जण आहेत?”

त्रिंबक दोन पावलं मागे सरकला. त्याने हवालदारांना खालून वरपर्यंत निरखलं.

“अरे देवा,” तो पुटपुटला, “तुम्हीसुद्धा?”

आणि बाहेर येऊन त्याने चौकीच्या दाराला कडी घातली.